समुद्रापलीकडचा रुपया

बाबासाहेबांच्या लंडनमधल्या दिवसांविषयी आपल्या सभांतून जे बोलले जाते त्यात दोन पदार्थ हमखास असतात: बोव्हरिल आणि पापड. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मासा, बोव्हरिलचा पेला; रात्री उशिरा पोटात कावळे ओरडू लागले की भाजलेले पापड. धनंजय कीरांच्या चरित्रातून ही हकिगत घरोघर गेली आणि जयंतीच्या वक्त्यांनी ती इतकी वापरली की श्रोत्यांना पुढचे वाक्य आधीच ठाऊक असते. ती सांगू नये असे माझे म्हणणे नाही. पण तिच्यामुळे उपासमार ही जिद्दीची खूण होऊन बसली आणि उपासमारीचा हिशेब कोणी मागेनासे झाले. पैसा कुठून आला, कोणाच्या शब्दावर आला, कोणत्या भावाने पौंडात उतरला आणि वाटेत किती झिजला? रुपयाच्या प्रश्नावर ज्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला त्याच्या स्वतःच्या खिशातल्या रुपयाचे त्या तीन वर्षांत काय झाले, हे विचारल्याशिवाय तो प्रबंध तरी नीट वाचता येईल का? मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला हा प्रश्न टाळता आलेला नाही.

परदेशात पैसा नेणे ही गोष्ट वरून दिसते तितकी साधी कधीच नव्हती. नाणे जड असते, चोरीला जाते, आणि आपल्या मुलखाबाहेर त्याची किंमत दुसरा ठरवतो. म्हणून व्यापारी माणसाने नाण्याऐवजी कागद नेला. आपल्याकडे तो कागद म्हणजे हुंडी. मुंबईच्या पेढीने लिहिलेली हुंडी दूरच्या बंदरातला अडत्या वटवीत असे. शिकारपुरी, मारवाडी, भाटिया, चेट्टियार यांची जाळी मध्य आशियापासून ब्रह्मदेशापर्यंत आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली होती. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत हुंडीचे फार कौतुक असते, आणि यंत्रणा म्हणून ते रास्तही आहे. पण हुंडीचे प्रकार जरा बारकाईने पाहावेत. त्यांत एक आहे शाहजोग हुंडी. तिचे पैसे वाटेल त्या धारकाला मिळत नाहीत. बाजारात ज्याची पत आहे, ज्याला पेढीवाले ‘शाह’ म्हणून ओळखतात, अशाच्याच हाती ते पडतात. आज मराठीत ‘शहाजोगपणा’ हा शब्द आपण उपरोधाने वापरतो, पण त्याचे मूळ घर बाजारात, याच हुंडीच्या शेजारी आहे. कागदावर जात लिहिलेली नसते. लिहिण्याची गरजच काय? ज्याला पेढीच्या पायरीवर बसता येत नाही तो शाह होणार कसा, आणि त्याच्या हातची हुंडी पटवणार कोण?

आपली माणसे त्या काळी समुद्र ओलांडत नव्हती असे नाही. ती आधीच गेली होती, फार आधी. १८३४ नंतर गिरमिटाच्या करारावर मॉरिशसला मजुरांची जहाजे गेली. कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. पलटणींबरोबर शिपाई गेले, गोदीतले खलाशी गेले. पण त्यांच्या पैशाचा व्यवहार त्यांच्या हातात नव्हता. मॉरिशसच्या मळ्यांत ‘डबल कट’ नावाची पद्धत होती: एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापायची. पगार मालकाकडे, हिशेब मालकाकडे आणि परतीचे भाडे कराराच्या अटींत अडकलेले. एक गमतीची, खरे तर अजिबात गमतीची नसलेली गोष्ट अशी की ब्रिटिश हिंदुस्थानचा चांदीचा रुपया जिथे जिथे चालत होता ते सगळे मजुरांचे, शिपायांचे आणि व्यापाऱ्यांचे मुलूख होते: एडन, झांझिबार, पूर्व आफ्रिका, मॉरिशस, इराणचे आखात. विद्येच्या गावी, लंडनला किंवा न्यूयॉर्कला, त्याला कोणी विचारीत नव्हते. घाम गाळायला जाणाऱ्याला आपला रुपया चालत होता. शिकायला जाणाऱ्याला पौंड विकत घ्यावा लागत होता.

युरोपातही हुंडीसारखीच अडचण होती. बँकेचे पतपत्र न्यायचे तर आधी बँकेत मोठी ठेव हवी आणि कोणीतरी ओळख द्यायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात एक फरक पडला. थॉमस कुकच्या प्रवासी कंपनीने १८७४ मध्ये आपल्या प्रवाशांसाठी ‘सर्क्युलर नोट’ काढली आणि १८९१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने प्रवासी चेक सुरू केला. त्याची युक्ती अगदी सोपी. विकत घेताना एक सही करायची, वटवताना पैसे देणाऱ्यासमोर दुसरी. दोन्ही जुळल्या की पैसे. घराणे कोणते, ओळख कोणाची, हे तो कागद विचारीत नाही. आमच्या घरात माझ्या आजोबांपर्यंत सगळे अंगठेबहाद्दर होते, म्हणून सहीवर पैसे देणाऱ्या या कागदाचे मला अधिक अप्रूप वाटत असेल. मात्र हेही विसरून चालणार नाही की वटवताना जात न विचारणारा तो कागद मिळवायला आधी रोख रक्कम मोजावी लागत होती. ती आणायची कुठून? तिथे पुन्हा जामीन आला, ओळख आली, दरबार आला.

भीमराव आंबेडकरांच्या बाबतीत तो दरबार बडोद्याचा होता. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. सयाजीरावांचे औदार्य मोठे होते यात शंका नाही. पण करार तो करारच, आणि त्याचे दुसरे कलम पुढे फार महागात पडले. साडेअकरा पौंड म्हणजे त्या वेळच्या पंधरा रुपयांच्या भावाने महिना एकशे साडेबहात्तर रुपये. हिंदुस्थानात ही रक्कम भरभक्कम होती. न्यूयॉर्कमध्ये तिचे साधारण ५६ डॉलर होत, आणि त्यातून राहणे, खाणे, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे हे सगळे भागवायचे होते. अशा मिळकतीत कीरांच्या म्हणण्याप्रमाणे या विद्यार्थ्याने सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. ती कशी जमवली असतील याची कल्पना ज्यांनी रद्दीच्या दुकानात उभे राहून अर्धे पुस्तक तिथेच वाचून काढले आहे त्यांना येईल.

इथे एक बारकावा चरित्रकारांकडून सुटतो. शिष्यवृत्ती पौंडात ठरलेली आणि खर्च डॉलरात होणारा. युद्धापूर्वी एका पौंडाला जवळजवळ ४.८७ डॉलर हा भाव इतका पक्का होता की लोक त्याला निसर्गनियम समजत. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि तो नियम कोसळला. युरोपात सहलीला गेलेल्या हजारो श्रीमंत अमेरिकनांची पतपत्रे एका दिवसात कागदाचे कपटे झाली. बँका बंद, हॉटेलवाले कागद घेईनात. अमेरिकन सरकारने ‘टेनेसी’ या युद्धनौकेवर सोने भरून त्यांच्या मदतीला पाठवले. पुढे पौंड घसरत गेला. सप्टेंबर १९१५ च्या सुमारास तो साडेचार डॉलरपर्यंत उतरला आणि १९१६ च्या आरंभी जे. पी. मॉर्गनच्या पेढीमार्फत त्याला ४.७६ वर टेकू दिला गेला. साडेअकरा पौंडांवर या घसरणीचा हिशेब महिन्याला सुमारे चार डॉलरचा होतो. फ्लँडर्सच्या खंदकांत चाललेल्या लढाईची पट्टी कोलंबिया विद्यापीठातल्या एका महार विद्यार्थ्याच्या जेवणातून वसूल होत होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल का? त्याच्यासाठी सोन्याची नौका काही निघणार नव्हती.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला. मग शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलावले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परतण्याची मुभा दिली, तेवढीच आशा. १९१७ च्या उन्हाळ्यात परत येताना त्यांनी सामान थॉमस कुकमार्फत वेगळ्या जहाजाने पाठवले आणि ते जहाज पाणबुडीने बुडवले. पुस्तके गेली, टिपणे गेली. कुककडून नुकसानभरपाई मिळाली. कंपनीच्या दृष्टीने तो एक साधा व्यवहार: पावती पाहिली, पैसे चुकते केले. बडोद्याच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी जो खर्च लागला तो या भरपाईच्या पैशातून निघाला. करार पाळायला निघालेल्या या लष्करी सचिवाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, हे सर्वांना माहीत आहे. दूरच्या देशातली कंपनी कागद पाहून पैसे देते आणि आपल्याच देशातला घरमालक पैसे पुढे केले तरी दार लावून घेतो. पैशाची भाषा कुठे कळते आणि कुठे संपते, हे या दोन प्रसंगांतून जितके कळते तितके ग्रंथांतून कळत नाही.

आता १९२० कडे येतो, कारण खरा विषय तिथे आहे.

नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. पगार दरमहा ४५० रुपये. परळच्या चाळीतच राहून त्यांनी त्यातून बचत केली. छत्रपती शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले. कोलंबियातले पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. बचत, राजाची मदत आणि मित्राचे कर्ज हे सगळे रुपयांत होते. लागणार होते पौंड.

त्या काळात रुपया काय करीत होता? १८९३ मध्ये टांकसाळी चांदीला बंद झाल्यानंतर सरकारने रुपया हळूहळू एक शिलिंग चार पेन्सवर, म्हणजे पंधरा रुपयांना एक पौंड या भावावर आणून ठेवला होता. तो तिथे आपोआप राहत नव्हता. लंडनमध्ये भारतमंत्री दर बुधवारी ‘कौन्सिल बिले’ विकीत असे. हिंदुस्थानचा माल घेणारा इंग्रज व्यापारी लंडनला पौंड भरी, बिल घेई, ते इकडे धाडी, आणि इकडे सरकारी खजिन्यातून रुपये मिळत. लंडनला जमलेल्या पौंडांतून इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जाचे व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च भागे. म्हणजे शेतकऱ्याने भरलेला सारा रुपयांत, आणि त्याचे पौंड थेट लंडनमध्ये. पैशाला समुद्र ओलांडावाच लागत नव्हता. आणि उलट दिशेने, हिंदुस्थानातून लंडनला पैसे न्यायचे असतील व रुपया ढिला पडला असेल, तर सरकार ‘रिव्हर्स कौन्सिल’ बिले विकी.

युद्धात चांदी महागली. नाण्यातली चांदी नाण्यापेक्षा महाग होऊ लागली तेव्हा सरकार रुपयाचा भाव चढवत गेले. १९१७ च्या ऑगस्टात एक शिलिंग पाच पेन्स, १९१९ च्या डिसेंबरात दोन शिलिंग चार पेन्स. फेब्रुवारी १९२० मध्ये बॅबिंग्टन स्मिथ समितीचा अहवाल आला: रुपया दोन शिलिंग सोन्याच्या भावाने कायम करावा. प्रत्यक्ष हुंडणावळीचा भाव त्या महिन्यात अडीच शिलिंगच्याही वर गेला होता. मग जागतिक व्यापार उलटला, रुपया कोसळू लागला, आणि तो वर धरून ठेवण्यासाठी सरकारने जानेवारी ते सप्टेंबर १९२० या काळात सुमारे साडेपाच कोटी पौंडांची रिव्हर्स कौन्सिल बिले विकली. ती घेतली कोणी? ज्यांच्याकडे युद्धात कमावलेले रुपये पडून होते त्या कंपन्यांनी, व्यापाऱ्यांनी, सट्टेवाल्यांनी. महाग रुपयाने स्वस्त पौंड घेऊन नफा लंडनला पोचवला. नुकसान हिंदुस्थानच्या तिजोरीचे. सप्टेंबरच्या अखेरीस सरकारने हात टेकले. वर्ष संपताना रुपया दीड शिलिंगच्या आसपास होता, आणि १९२१ मध्ये सव्वा शिलिंगपर्यंत खाली आला.

वर्गात हे मी फळ्यावर मांडतो. पाच हजार रुपये, दोन शिलिंगच्या भावाने: पाचशे पौंड. तेच पाच हजार, एक शिलिंग चार पेन्सने: तीनशे तेहतीस. सव्वा शिलिंगने: तीनशे साडेबारा. वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक एकशे साडेसत्याऐंशी पौंड, म्हणजे बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे सोळा महिने. भथेनांचे कर्ज मात्र रुपयांतच फेडायचे, पाच हजारांतला एक रुपयाही कमी होत नाही. आणि मुंबईहून जे पैसे पुढे जायचे ते ज्या दिवशी बँकेत पौंड घ्यायला उभे राहावे त्या दिवसाच्या भावाने. मुलांना हे लगेच कळते. ज्याच्या मागे लंडनला शाखा असलेली पेढी आहे तो भाव चढा असताना सगळी रक्कम एका फटक्यात हलवतो. ज्याचे पैसे कर्ज काढून, मिळतील तसे हप्त्याहप्त्याने यायचे, त्याच्या वाट्याला पडता भाव येतो.

सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड उसने मागितले. हे पत्र आपल्याकडे शाहूंच्या गौरवासाठी नेहमी काढले जाते, आणि त्यात तो गौरव आहेही. पण पत्राचे काम पैशाचे आहे, आणि मागणी पौंडांची आहे. रुपयांत मागितले असते तर हाती किती येईल हे सांगताच आले नसते! पुढे ६ मे १९२२ रोजी महाराजच गेले. भथेनांकडे मात्र पुन्हा पुन्हा जावे लागले. एका पारशी मित्राने एका महार विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे पैसे पुरवले, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासात जितकी नोंदली जावी तितकी नोंदली गेलेली नाही. शाह असल्याचा दाखला न मागता दिलेली ती हुंडी होती.

आणि इकडे मुंबईत रमाबाई. परदेशी राहणाऱ्याच्या पैशाचा हिशेब करताना मागे राहिलेल्याचे घर त्यात धरावे लागते. त्या घराला पौंडाचा भाव नव्हता, महागाई होती. कर्जाचे पैसे तिकडे आणि भाकरीची चिंता इकडे, अशी ही दोन टोके. आपल्या चळवळीतल्या किती बायकांनी नवऱ्याच्या शिक्षणाची हुंडणावळ स्वतःच्या पोटातून भरली याचा कोणी आढावा घेतला तर तो स्वतंत्र ग्रंथ होईल.

आता प्रबंधाकडे पाहा. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ ऑक्टोबर १९२२ मध्ये विद्यापीठाला सादर झाला. स्वतःच्या तंगीचा एक शब्दही त्यात नाही, असणारही नव्हता. पण त्याचा रोख कशावर आहे? केन्सने १९१३ च्या पुस्तकात ज्या सुवर्णविनिमय पद्धतीची तरफदारी केली होती तिच्यावर. सरकारच्या मर्जीने रुपये पाडता येतात आणि लंडनमध्ये बिले विकून भाव सांभाळता येतो, या व्यवस्थेवर बाबासाहेबांचा विश्वास नव्हता. भाव सांभाळला म्हणजे चलन सांभाळले असे होत नाही. रुपयाने देशात काय विकत मिळते ते पाहिले पाहिजे, आणि नाणी पाडण्याच्या अधिकाराला कायद्याची पक्की मर्यादा पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. १८७३ नंतर चांदी घसरली तेव्हा निर्यातीचा व्यापार वाढला म्हणून आनंद मानणाऱ्यांना त्यांनी विचारले की हा नफा आला कुठून. किमती चढल्या आणि मजुरी मागे राहिली, म्हणजे तो मजुराच्या ताटातून आला. हे वाक्य परिभाषेतले आहे. पण हुंडणावळ पडली की कोणाचे ताट रिकामे होते, हे ज्याने प्रबंध लिहिता लिहिता पाहिले त्याच्या लेखणीतून ते आले आहे, हे विसरून ते वाचता येत नाही.

ह्याच इतिहासातली एक नोंद मला नेहमी अस्वस्थ करते. १८९३ पर्यंत रुपया इतका घसरला होता की हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना विलायतेत बायकामुलांना पैसे पाठवणे जड जाऊ लागले. त्यांनी ओरड केली आणि सरकारने त्यांना ‘एक्स्चेंज कॉम्पेन्सेशन अलाउन्स’ नावाचा भत्ता दिला. पगाराचा अर्धा भाग, ठराविक मर्यादेपर्यंत, एक शिलिंग सहा पेन्सच्या भावाने धरायचा. तूट पडेल ती हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे राज्यकर्त्या जातीच्या माणसाला हुंडणावळीचा फटका बसला तर तो सार्वजनिक प्रश्न ठरतो आणि त्याचा भत्ता सारा भरणाऱ्या कुळाकडून वसूल होतो. अस्पृश्य विद्यार्थ्याला फटका बसला तर ती त्याची वैयक्तिक अडचण, आणि फार तर नंतरच्या पिढ्यांसाठी त्यागाची कथा.

लंडनमधल्या त्याच काळात त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातले. तिथे मार्क कोसळत होता. युद्धापूर्वी डॉलरला सव्वाचार मार्क मिळत. जानेवारी १९२२ मध्ये सुमारे १९०, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये आकडा लाखकोटींच्या घरात गेला. परक्या पैशावर जगणाऱ्याला तिथे स्वस्ताई होती आणि जर्मन शिक्षकाची जन्माची पुंजी चहाच्या किमतीला येत होती. चलनाची सत्ता बेलगाम हाती गेली की काय होते याचे याहून जवळचे उदाहरण त्या काळच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिळणे शक्य नव्हते.

१९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी प्रबंधातल्या मांडणीवर हरकत घेतली आणि पुन्हा लिहायला सांगितले. लंडनमध्ये राहायला पैसे उरले नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, प्रबंध इथे बसून सुधारला आणि टपालाने पाठवला, वर्षाअखेर डी.एससी. मिळाली आणि पी. एस. किंग कंपनीने तो छापला. प्राध्यापक कॅनन यांनी आपले मतभेद न लपवता प्रस्तावना लिहिली. पुस्तक अर्पण केले आहे आईवडिलांच्या स्मृतीला. वकिलीची सनद काढायला पुन्हा भथेनांनीच पैसे दिले.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्या भाषणांत वारंवार येते. या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक स्थापन झाली असे सांगितले जाते. नोंद एवढी आहे: १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, कायदा १९३४ चा, बँक सुरू झाली १९३५ मध्ये. आयोगाच्या सगळ्याच शिफारशी बाबासाहेबांच्या मांडणीशी जुळत नाहीत. त्यांचा ग्रंथ सरकारी चलनसत्तेवरची टीका आहे. त्याला एखाद्या सरकारी संस्थेच्या कोनशिलेचा दगड करण्याची घाई कशाला? वाचावा, हे त्याहून बरे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी पैसा हा सरकारी परवान्याचा विषय झाला. साठ-सत्तरच्या दशकांत देश सोडणाऱ्याच्या खिशात आठ डॉलर असत, बाकी सगळे परवानगीने. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४.७६ रुपयांवरून साडेसातवर गेला तेव्हा घरून पैसे मागवणाऱ्या विद्यार्थ्यांचे काय झाले असेल ते फळ्यावरच्या त्याच गणिताने काढता येते. आज उलट टोक आहे. परकीय चलनाचा जुना कायदा जाऊन १९९९ चा आला, आणि उदारीकृत योजनेखाली कोणाही नागरिकाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. कार्ड घासले की कुठल्याही देशात पैसे निघतात, सहीसुद्धा लागत नाही. पण माझ्या एका विद्यार्थिनीला इंग्लंडमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा व्हिसासाठी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यावर दाखवायची होती. वडील नगरपालिकेत सफाई कामगार. एका बँकेने शैक्षणिक कर्जाला तारण मागितले आणि जामीन म्हणून ‘प्रतिष्ठित’ व्यक्ती मागितली. शाहजोग हुंडी रद्द झाली असे कोणी म्हणू नये.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्याची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. २०२४-२५ च्या तिच्या नियमावलीत ब्रिटनसाठी निर्वाहभत्ता वर्षाला ९,९०० पौंड होता. लंडनमध्ये शिकणाऱ्याने नऊ महिन्यांसाठी जेवढी रक्कम दाखवावी असे ब्रिटिश सरकारच म्हणते, ती याहून जास्त आहे. २०२२ मध्ये याच योजनेत एक नवी अट आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय घेणाऱ्यांना ती मिळणार नाही. १९१५ चा ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तव्यवहारावरचा प्रबंध आणि ९ मे १९१६ रोजी वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध या अटीत कसे बसले असते ते ज्याचे त्याने पाहावे. आणि जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी ४० जणांना पत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांना कळवण्यात आले की निधी उपलब्ध झाला तर पत्रे देण्यात येतील. त्या दिवसांत विद्यापीठांच्या शुल्क भरण्याच्या तारखा जवळ आल्या होत्या आणि पौंडाने एकशे पंधरा रुपयांची रेघ ओलांडलेली होती.